सव्वाचारचा तास

"परत एकदा मोजा," मी जोंधळे सरांना म्हटलं.

त्यांनी परत मोजलं. टेबलावर एकतीस पसंतीपत्रकं होती, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची. वैकल्पिक अभ्यासपत्रिका दोन, मुलांनी एकीवर खूण करायची. 'बखर गद्य' ही माझी, चौदा वर्षं चालत आलेली. 'आत्मकथन' ही नवी, त्याच वर्षी सुरू झालेली, वाघमारेची. सरांनी अंगठ्याला थुंकी लावून दोन गठ्ठे केले आणि परत तोच आकडा सांगितला. आत्मकथनाला चोवीस, बखरीला सात.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका, चौसाळकर मॅडम," सर म्हणाले. "नव्याची नवलाई असते."

आमचे विभागप्रमुख डॉ. जोंधळे हा देवमाणूस होता, पण त्या दिवशी मला त्यांचीही चीड आली. सात म्हणजे काय, ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. दहापेक्षा कमी मुलं असली की विद्यापीठ ती अभ्यासपत्रिका बंद करतं. ज्या विषयात मी पीएच.डी. केली, ज्याच्यापायी डोळ्यांचा नंबर वाढवून घेतला, तो विषय बंद पडणार आणि बंद कोण पाडणार, तर तासिका तत्त्वावर नेमलेला, उन्हातान्हात सायकलवर येणारा, अजून धड तिशीही न गाठलेला प्रल्हाद वाघमारे.

सरांनी तोडगा काढला. चोवीसातल्या तिघांना बोलावून समजावलं आणि माझ्याकडे ढकललं. झाले दहा. तिघांत एक सविता केंद्रे होती, डोंगरातल्या एका वाडीची. पहिल्याच तासाला ती माझ्यासमोर असा चेहरा करून बसली, जणू नको त्या सासरी दिली आहे. मला वाटलं वर्गातून बाहेर काढावं. पण काढलं असतं तर नऊ राहिले असते.

मी जळले. आता उगाच शब्द कशाला फिरवू. विद्यापीठात लोक मतभेद म्हणतात, दृष्टिकोनातला फरक म्हणतात. मला त्या माणसाचं चांगलं बघवत नव्हतं. तो स्टाफरूममध्ये डबा उघडायचा तर मुलं दारात उभी. व्हरांड्यातून चालला तर मागं चार जण. मी चालले की व्हरांडा मोकळा. चौदा वर्षांत एकाही मुलानं मला 'मॅडम, अजून पाच मिनिटं सांगा ना' म्हटलेलं नव्हतं, आणि त्याच्या वर्गात घंटा झाली तरी कुणी उठत नसे. मला तर वाटायचं, हा गोष्टी सांगून पोरांना नादी लावतो. माझं शिकवणं कसं, काळ कोणता, प्रत कोणती, फारशी शब्द किती, आकडे विश्वासार्ह आहेत का. पक्कं काम. त्याच्याकडं म्हणे मुलं स्वतःच्या घरचं लिहून आणतात आणि वाचतात. हे काय शिकवणं झालं?

त्याची अडचण मात्र मला नीट माहीत होती, कारण त्यानंच भोळेपणानं सांगितली होती. जवळच्याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात कायम जागा निघाली होती. मुलाखत नोव्हेंबरात. त्यांना असा माणूस हवा होता, ज्यानं एम.ए.ला एक वैकल्पिक अभ्यासपत्रिका पूर्ण सत्रभर शिकवली आहे, आणि तसं विभागाचं प्रमाणपत्र. "हे एक सत्र नीट पार पडलं मॅडम, की सुटलो," तो म्हणाला होता. सात वर्षं तो तासावर शिकवत होता. तास झाला तर पगार, नाही झाला तर नाही. घरी बायको, दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेले वडील.

हे सगळं ऐकून घेतलं आणि वेळापत्रक करायला बसले. विभागाचं वेळापत्रक मीच करायचे, ते किचकट काम दुसरं कुणी अंगावर घेत नसे. बखर गद्य मंगळवार, गुरुवार, शनिवार, अकरा वाजता. आत्मकथन त्याच दिवशी, सव्वाचार ते सव्वापाच, खोली नंबर चार.

ज्याला आमचं विद्यापीठ माहीत नाही त्याला यात काय विशेष, असं वाटेल. आमच्या फाटकासमोरून डोंगरपट्ट्यातल्या गावांना जाणारी एसटी साडेचारला सुटायची. त्यानंतरची पावणेआठला. निम्म्याहून जास्त मुलं त्या पट्ट्यातली आणि त्यांतही मुली जास्त. पावणेआठच्या गाडीनं मुलगी घरी आली तर बाप दुसऱ्या दिवशी शिक्षण बंद करायचा. म्हणजे सव्वाचारचा तास कागदावर लागला तरी वर्गात कुणी बसणार नव्हतं. वाघमारेच्या एकवीस मुलांपैकी सतरा त्या गाडीनं जाणारी होती. मी ते आधी मोजलं होतं.

वेळापत्रक फलकावर लागलं त्या दुपारी तो माझ्याकडं आला. आता हा गाडीचं काढणार, आणि मी खोल्या कमी आहेत, मोठ्या वर्गांना सकाळच्या वेळा लागतात, वगैरे तयारच ठेवलं होतं. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "शेवटचा तास कुणाला तरी घ्यावा लागणारच, मॅडम." आणि गेला. तेवढ्यानंही मला बरं वाटलं नाही. भांडला असता तर निदान आमची बरोबरी झाली असती.

ऑगस्ट संपताना मी हजेरीपट बघितले. महिन्याचा अहवाल मीच द्यायचे. माझ्या दहा मुलांत रोज तीन-चार गैरहजर. वाघमारेच्या पटावर एकवीस. प्रत्येक तासाला एकवीसच्या एकवीस, एकही तांबडी खूण नाही. मी पट मिटला आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. खोटी हजेरी. गडी खोटी हजेरी लावत होता. मी लगेच काही बोलले नाही. म्हटलं, भरू दे पापाचा घडा.

सप्टेंबरातही एकवीस. ऑक्टोबरातही. मधल्या काळात जोंधळे सरांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली, ते दीड महिना रजेवर गेले आणि प्रभारी विभागप्रमुख म्हणून माझ्या सहीला किंमत आली. सत्र संपायला आठ-दहा दिवस उरले तेव्हा मी आमच्या शिपायाला, मुंजाजीला, बोलावलं आणि चार नंबरची खोली सव्वाचारला कोण उघडतं ते विचारलं.

"कुणीच नाही," मुंजाजी म्हणाला. "चावी माझ्याकडंच असती की."

"मग वाघमारे सर तास कुठं घेतात?"

मुंजाजी हसला. सगळ्या विद्यापीठाला जे माहीत होतं ते मला माहीत नाही, याची त्याला गंमत वाटली. गाडी चारला दहा मिनिटं कमी असतानाच फाटकाशी येऊन उभी राहते, म्हणाला. सर पोरांना घेऊन मागच्या बाकांवर बसतात. सव्वाचारला सुरू करतात, साडेचारला गाडी हलते, सव्वापाचला डोंगराच्या पायथ्याला धानोरा येतं, तोवर चालू. हॉस्टेलवरची चार पोरंही उगाच सोबत जातात. मग सर आणि ती चौघं समोरून येणाऱ्या गाडीनं परत. मुंजाजीनं वर हेही सांगितलं की सर तिकीट स्वतःचं काढतात, आणि कंडक्टर मागं भांडण लागलं तर लोकांना गप्प करतो, तास चालू आहे म्हणून.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटी हजेरी असती तर बरं झालं असतं. हॉस्टेलवरची चार पोरं, ज्यांना त्या गाडीत बसायचं काही कारण नाही, ती पाऊण तास धूळ खात जातात आणि पाऊण तास परत येतात, याच्यासाठी. माझी मुलं अकरा वाजता, पंख्याखाली, हॉस्टेलपासून दोनशे पावलांवर येत नाहीत.

मंगळवारी मी गाडीत बसले. साडेतीनलाच डोकं दुखतंय म्हणून निघाले, फाटकाशेजारच्या दुकानामागं उभी राहिले, गाडी आल्या आल्या चढले आणि दारापासून तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. डोक्यावरून पदर, डोळ्यांवर काळा चष्मा. पंचेचाळीस वर्षांची बाई, बखरवाङ्मयाची डॉक्टरेट, आणि चोरासारखी तोंड झाकून बसलेली. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं. मी धानोरा म्हटलं. तो म्हणाला, "मागं बसा की मावशी, कालेजातलं ऐकायला मिळतंय." मी नको म्हटलं.

मुलं आली, गोंधळ झाला आणि सव्वाचारला आपोआप थांबला. वाघमारे शेवटून चौथ्या बाकाला टेकून उभा होता. एका मुलीनं वहीतलं अर्धं पान वाचलं, आजीच्या मोडक्या चष्म्याबद्दल. मग बाकीचे त्यावर बोलले, काय खरं वाटलं, कुठं बनावट वाटलं. वाघमारे फारसं बोलत नव्हता. गाडी सुटल्यावर आवाज चढवून बोलायचा एवढंच. भाजीची रिकामी टोपली मांडीवर घेतलेली एक म्हातारी त्यांच्यात तोंड घालून म्हणाली की चष्म्याच्या दोऱ्याचं सांग ना पोरी, दोरा कसला होता. पोरीनं सांगितलं. सगळे हसले, म्हातारीही. मला चूक सापडत नव्हती. मी सबंध वेळ चूक शोधत होते.

धानोऱ्याच्या अलीकडं तास संपला आणि मला ओळखीचा आवाज ऐकू आला. सविता केंद्रे. माझी सविता, म्हणजे त्याच्याकडून काढून मला दिलेली. ती म्हणाली, "सर, परवा बखरीची चाचणी आहे. मॅडमनी तो लढाईचा उतारा दिलाय. नुसती यादी आहे हो. हत्ती किती, घोडी किती, कोण कोण पडलं. काय लिहायचं त्यात?"

मी कान टवकारले. आता हा माझ्यावर तोंडसुख घेणार आणि मला ते शब्दान् शब्द हवं होतं.

वाघमारेनं तिला विचारलं की दोन वर्षांपूर्वी तुमच्या वाडीच्या ओढ्याला पूर आला होता, तेव्हा तुमचं काय गेलं. सविता म्हणाली, गोठा गेला.

"त्या रात्रीनंतर अण्णा काय म्हणाले?"

"काहीच नाही. ओट्यावर बसून होते."

"अजिबात बोलले नाहीत?"

ती म्हणाली, "मोजत होते. दोन बैल, कपिली गाय, सात शेरडं. बारकं पिल्लू धरून आठ. दिवसभर तेच म्हणत होते. आई म्हणाली, आता पुरे. तरी म्हणत होते."

"आता तो उतारा वाच."

सवितानं उतारा वाचला. गाडी खडखडत होती, पण मागं कुणी बोलत नव्हतं. पडलेल्या हत्तींचा आकडा वाचला, घोड्यांचा वाचला, मग एकेका माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव. मधल्या एका घोडीचं नाव आलं तिथं तिचा आवाज अडकला. ती थांबली आणि म्हणाली, "या लिहिणाऱ्याला रडता येत नव्हतं का सर? धन्याला लिहायचं होतं म्हणून?"

"मला तसं वाटतं," वाघमारे म्हणाला.

तो उतारा मी चौदा वर्षं शिकवला होता. माझ्या प्रबंधात त्यावर एकोणीस पानं आहेत. आकडे फुगवलेले कसे, हे मी तीन साधनं लावून सिद्ध केलं आहे. आणि गाडीत बसल्या बसल्या मला माझी आई दिसली. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कपाट उघडून त्यांचे सदरे मोजत होती. पांढरे अकरा, रेघांचे तीन. परत पहिल्यापासून. मी तिच्यावर ओरडले होते, ही काय वेळ आहे का म्हणून. माझे डोळे चष्म्याआड भरून आले आणि पुढच्याच क्षणी संताप आला. माझा उतारा. माझा विषय. आणि मला तो या माणसाकडून, एसटीत, पदराआडून कळावा.

एवढ्यावर थांबला असता तरी मी कदाचित सावरले असते. पण तो सविताला म्हणाला, "हे मी कच्चं सांगतोय. मॅडमचा जन्म गेलाय त्यात. उद्या त्यांना विचार."

"मॅडमना विचारायची भीती वाटते," सविता म्हणाली आणि पोरं हसली.

तो हसला नाही. "त्या चिडतात, कारण त्यांना विषयाचं लागतं. ज्याला काही लागत नाही तो कशाला चिडेल?"

त्यानं माझी टिंगल केली असती तर मी त्याला माफ केलं असतं, देवाशपथ. मोठेपणा मला सोसला नाही. धानोऱ्याला गर्दीतून उतरले आणि काळ्यापिवळ्या जीपमध्ये बारा माणसांत दाटीवाटीनं बसून परत आले.

गुरुवारी दुपारी तो प्रमाणपत्राचा कागद घेऊन माझ्यापुढं उभा राहिला. मुलाखत पुढच्या बुधवारी होती. मी बस म्हटलं नाही.

"किती तास झाले?"

"अठ्ठेचाळीस, मॅडम. एकही बुडाला नाही."

"कुठं झाले?"

त्यानं एक क्षण माझ्याकडं बघितलं आणि सरळ सांगितलं. मुलींना थांबता येत नव्हतं, जोंधळे सरांना विचारलं होतं, ते म्हणाले बघा कसं जमतं ते. लेखी परवानगी आहे का, मी विचारलं. नव्हती. सरांना या अवस्थेत फोन करता येत नव्हता, आणि येत असता तरी मी केला नसता.

"मला मुंजाजीनं सांगितलंय, आणि मी स्वतः बघितलंय," मी म्हटलं. "मंगळवारी मी गाडीत होते."

मला वाटलं होतं त्याचा चेहरा पडेल. तसं काही झालं नाही. तो टेबलाशी जरा पुढं झाला आणि अगदी विद्यार्थ्यासारखं विचारलं, "म्हणजे सविताचं तुम्ही ऐकलंत. मी रात्रभर विचार करत होतो मॅडम, तुमच्या विषयात मी उगाच बोललो का. ते बरोबर होतं का?"

इथं मला खरं बोलता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. समोरचा माणूस नोकरीचा कागद विसरून मला उताऱ्याबद्दल विचारत होता, आणि ते बघून मला आणखीच जळफळायला झालं.

"चूक होतं," मी म्हटलं.

"पूर्ण चूक?"

"बखरीतली यादी ही यादीच असते. दरबारी लिहिणाऱ्याचं काम. त्यात रडणं शोधणं हा अडाणीपणा आहे. एम.ए.च्या मुलांना असलं काही सांगत जाऊ नका."

त्यानं मान हलवली. "सविताला सांगतो मी, माझी चूक झाली म्हणून."

मी कागद ओढला आणि त्याच्या नावाखाली माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं की सदर अभ्यासपत्रिकेचे तास विद्यापीठाच्या वर्गखोलीत झाल्याची नोंद विभागाकडे नाही. खाली सही, शिक्का. त्यानं ते उभ्यानंच वाचलं, दोनदा वाचलं असावं. मग कागदाची नीट घडी केली, येतो म्हणाला आणि गेला. ती जागा दुसऱ्याला मिळाली. विभागाकडं नोंदच नसलेली अभ्यासपत्रिका पुढच्या वर्षी चालू ठेवायचा प्रश्न नव्हता. आत्मकथन बंद झालं आणि त्याबरोबर वाघमारेचे तासही. जोंधळे सर रजेवरून आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या दिवसापासून माझ्या हातचा चहा त्यांनी कधी घेतला नाही.

सत्रपरीक्षेत तोच उतारा आला होता. सविता केंद्रेची उत्तरपत्रिका मीच तपासली. तिनं लिहिलं होतं की प्रस्तुत यादीतील आकडे अतिशयोक्त असून विश्वासार्ह मानता येत नाहीत. माझेच शब्द, क्रमानं. वाघमारेनं तिला खरंच सांगितलं होतं. मी दहापैकी नऊ दिले.

पुढच्या वर्षी पसंतीपत्रकांची गरजच उरली नाही. सगळा वर्ग माझ्याकडं, अठ्ठावीस मुलं. लढाईचा उतारा आला, मी फळ्यावर तीन साधनं लिहिली, मागं वळले तर पहिल्याच बाकावर एक मुलगा तोंडावर वही धरून जांभई देत होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या घरी कधी कुणी असं मोजलंय का?"

एक मुलगी बोलली, तिच्या मामाबद्दल. मग मागचा एक मुलगा. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. चौदा-पंधरा वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते माझ्या वर्गात घडलं, आणि मी ते घडू दिलं.

त्यानंतर मी तो उतारा कधी दुसऱ्या पद्धतीनं शिकवला नाही. मुलं दारात उभी राहायला लागली. मी त्यावर एक लेख लिहिला, तो गाजला. चौसाळकर मॅडमनी बखरींकडं बघायची नवी दृष्टी दिली असं लोक म्हणायचे आणि मी मान खाली घालायचे, त्याला ते विनय समजायचे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका विद्यापीठात शिक्षकांच्या उजळणी वर्गाला व्याख्यानासाठी बोलावलं होतं. कनिष्ठ महाविद्यालयांतले चाळीसेक शिक्षक. मी तो उतारा घेतला, तो प्रश्न विचारला, आणि नेहमीसारखं सगळं जमून आलं. चहाची सुट्टी झाली. व्हरांड्यात मी कप घेऊन उभी होते तेव्हा एक माणूस जवळ आला. केस पिकलेले, शर्टाच्या खिशाला पेन. आवाजावरून ओळखलं.

"बरे आहात ना मॅडम," वाघमारे म्हणाला. एका आश्रमशाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला मराठी शिकवतो, म्हणाला. मुली मोठ्या झाल्या, धाकटी नर्सिंगला आहे. वडील त्याच वर्षी गेले. मी हो, हो करत होते.

"बारावीला बखरीचा एक उतारा आहे," तो म्हणाला. "त्यातही अशीच यादी येते. दर वर्षी तिथं आलो की मला ते आठवतं. पण तुम्ही चूक म्हणाला होता. मी पोरांना सांगतो, ही नुसती यादी आहे, पुढं चला."

मी कप खाली ठेवला.

"आज तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. म्हणजे ते बरोबर होतं."

"बरोबर होतं," मी म्हटलं.

"तुमच्या कधी लक्षात आलं?"

खोटं बोलायला पुष्कळ जागा होती. पुढं अभ्यास करताना, असं म्हणता आलं असतं, आणि त्यानं ते मानलंही असतं. त्याला शिकवणाऱ्या माणसावर विश्वास टाकायची सवयच होती. पण माझ्याच्यानं बोलवेना.

"तेव्हाच," मी म्हटलं. "गाडीत."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला ते मी बघत राहिले. मी शिव्यांची वाट बघत होते, त्या मला हव्याच होत्या. प्रमाणपत्राचं काढेल, सात वर्षांचं काढेल, बापाच्या औषधपाण्याचं काढेल, असं वाटलं.

"नोकरीचं काही नाही मॅडम," तो म्हणाला. "ती लागली, उशिरा का होईना. पण अकरा वर्षं मी पोरांना तिथून पुढं चला म्हणत आलो. धरणात गावं गेलेल्यांची पोरं आहेत माझ्याकडं. त्यांना सांगायला पाहिजे होतं."

त्याचे डोळे भरले होते. त्यानं ते लपवले नाहीत, शर्टाच्या बाहीनं पुसले आणि तो फाटकाकडं चालू लागला. आतून मला पुढच्या तासाला बोलावत होते. मी तिथंच उभी राहून त्याच्या पाठीकडं बघत होते. आयुष्यभर शिकवलं, पण आपण कुणाला काही चुकीचं सांगितलं म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी कधी आलं नव्हतं. त्या घडीलाही मला त्या माणसाचा हेवाच वाटला.